मुक्काम वज्रेश्वरी

पडक्या देवळांबद्दल बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण तिथे गेल्यावर रात्री पाठ कुठे टेकायची हे कोणी सांगत नाही. मी रोह्याच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि त्यातल्या बारा दिवाळ्या देवखोलच्या पडक्या शिवालयाचे दगड चितारण्यात घालवल्या. दगडांबद्दल विचाराल तर मी तासभर बोलेन आणि तुम्हाला उठू देणार नाही. पण आज सांगायचंय ते मुक्कामाबद्दल. मुक्काम निवडताना माझी एक चूक झाली. चांगला विचार करून, स्वतःवर खूश होऊन मी ती केली, आणि आता ज्याची माफी मागायची तो माणूस उरलेला नाही.

देवखोल भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला. एसटी फाट्यावर सोडते, पुढे दोन मैल पायी. गावाबाहेर भाताच्या खाचरांत काळ्या दगडाचं देऊळ. देऊळ म्हणजे गाभाऱ्याच्या तीन भिंती उभ्या, शिखर गेलेलं, मंडपाचे खांब आडवे, आणि बाकीचे नक्षीचे दगड गावभर पांगलेले. एकावर बायका धुणं आपटायच्या, एक कोणाच्या तरी गोठ्याची पायरी झाला होता. निम्मं देऊळ ज्याच्या खाचरात पडलं होतं तो काळूराम पहिल्याच दिवशी माझ्याजवळ उकिडवा बसला आणि बराच वेळ माझी मोजपट्टी बघत राहिला.

"दगडं मोजून काय भेटतं वो मास्तर?"

"काही नाही भेटत."

"मंग बरा हाय," तो म्हणाला. "आमाला पन शेतीत काय न्हाय भेटत."

हे ऐंशी सालचं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, आठ दिवस काम करायचं आणि शाळा उघडायच्या आत परतायचं, असा माझा बेत. बायको पार्वती म्हणाली होती, "लोक सुट्टीत सासुरवाडीला जातात, तुम्ही जा दगडांच्या माहेरी." मी गेलो, पण मुक्कामाचा विचार करायचा राहून गेला. काळूरामने घरी राहा म्हटलं. त्याच्या दोन खोल्यांत सात माणसं, आणि नुकत्याच झोडलेल्या भाताची पोती आढ्यापर्यंत. मी राहिलो असतो तर एखाद्याला अंगणात झोपावं लागलं असतं. वज्रेश्वरीला देवीच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होत्या, पण त्या देवखोलच्याही पुढे, भिवंडीच्या उलट्या बाजूला. मग भिवंडीत एसटी स्टँडजवळ एक लॉज धरलं.

त्या लॉजमध्ये मी तीन रात्री काढल्या. ढेकणांचं मला काही वाटत नाही, मी वसतिगृहात वाढलेला माणूस. पण लॉजच्या मागे कापड विणायचे लूम, बाजूला लूम, समोरच्या गल्लीत लूम. खटाखट, खटाखट, रात्रभर. भिवंडीकरांना त्या आवाजात झोप लागते, तो थांबला तरच ते जागे होतात. मला मात्र डोळा लागेना. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात बसून मी आदल्या दिवशीची चित्रं बघत होतो तर रेषा थरथरलेल्या. झोप नसेल तर हात चालत नाही. आता गुंडाळावं आणि घरी जावं असं मनात आलं.

तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावरचा एक माणूस उठून माझ्या डोक्यावर ओणवा झाला. पन्नाशीचा, पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, आणि छातीत घरघर.

"हा माझा वाघ!" तो म्हणाला.

मला झोप नव्हती, त्यामुळे मी खवळलेलो. मी म्हटलं, "हा वाघ नाही, व्याल आहे. देवळांवर कोरतात तो काल्पनिक पशू."

"तुमचा व्याल आसंल. माझा वाघच हाय."

तो नूरुद्दीन. त्याचे वडील भाताचा व्यापार करायचे. देवखोलला माल भरायला बैलगाड्या घेऊन जायचे तेव्हा हा बरोबर जायचा, आणि गाड्या भरून होईपर्यंत या दगडी जनावराच्या पाठीवर बसून असायचा. आता भाताचा धंदा गेला, घरात चार लूम आले, आणि वर्षानुवर्षं कापसाची धूळ खाऊन छाती इतकी भरली की दोन मैल चालणं जमत नव्हतं. बत्तीस वर्षांत त्याने तो वाघ पाहिला नव्हता. चित्र हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला. मग त्याने मुक्काम कुठे ते विचारलं. मी लॉजचं नाव सांगितलं.

"तिथं काय ठेवलंय? घर हाय ना आपलं. चला."

मी नाही-नाही म्हटलं, पण ते वरवरचं. खालच्या मजल्यावर चार लूम आणि वर तीन खोल्या, असं ते घर. रस्त्याकडची खोली मला दिली. त्याची बायको जमिलाभाभी दारातूनच म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं मासळीचं कालवण हाय, चालंल ना? का येगळं काय करू?" मी म्हटलं, "मी रोह्याचा. मासे सोडून दुसरं काही वाढलंत तर उठून जाईन." त्यांची मुलगी अतिया तेव्हा आठ वर्षांची. तिने पहिल्याच संध्याकाळी माझी सगळ्यात चांगली पेन्सिल पळवली आणि ती मला कधीही परत मिळाली नाही.

आणि त्या रात्री मी झोपलो. लांबून कुठून तरी खटखट येत होती, पण खालचे चार लूम गप्प होते. मला वाटलं, सणाचे दिवस, कामगार गावाला गेले असतील, रातपाळीला माणूस मिळत नसेल. सकाळी सातला मी निघायचो तेव्हा खाली लूम सुरू झालेले असायचे. म्हणजे दिवसपाळी चालू, रातपाळी बंद. दिवाळी आहे, असंच असणार, म्हणून मी पुढे विचारही केला नाही. ज्याला झोप मिळाली तो कशाला विचार करील?

अशा चार दिवाळ्या गेल्या. संध्याकाळी मी परतलो की नूरुद्दीनभाई जिन्याच्या तोंडाशी बसलेले असायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "माझा वाघ हाय ना?" मी म्हणायचो, "आहे. शेपटीवर शेवाळ चढलंय." किंवा, "आज त्याच्या पाठीवर काळूरामचा बोकड बसला होता." मग ते खोकत खोकत हसायचे. दर वर्षी वाघाचं एक चित्र मी त्यांच्यासाठी वेगळं काढायचो, आणि ते माझ्या खोलीत भिंतीवर लागायचं. माझी खोली म्हणतो, कारण घरातली सगळीच तसं म्हणायची. रोह्याला शिक्षकांच्या खोलीत मी फुशारकी मारायचो की भिवंडीत इतका शांत मुक्काम फक्त मला ठाऊक आहे. मला सख्खा भाऊ नाही. असता तर त्याच्या घरी मी इतका पाय पसरून झोपलो असतो की नाही, शंकाच आहे.

त्र्याऐंशी साली निघताना मजीद माझी पिशवी घेऊन स्टँडवर आला. मजीद त्यांच्या लूमवरचा जुना कारागीर, उत्तर प्रदेशातला. गाडी यायला वेळ होता.

"मास्टरजी, अगले साल भी आठ दिन रहेंगे ना?"

"हां. क्यों?"

"नहीं, वो आठ दिन हमारी रात पाली बंद रहती है ना आपके वास्ते. तो मैं भी उसी टाइम गाँव जाने का सोच रहा था."

मला कळेना. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो हसत हसत म्हणाला, "सेठ बोलते हैं, मास्टर सो रहा है, लूम को भी सोने दो." त्याच्या मनात काही नव्हतं. उलट आठ रात्री झोप मिळते म्हणून तो खूशच होता.

गाडीत बसल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं हा माणूस माझ्या झोपेपायी लूम बंद ठेवतो, भिवंडीत, जिथे लूम दोन तास बंद पडला तरी मालक वायरमनच्या घरी धावतो! आणि मी सकाळी उठून, जांभई देत त्यालाच सांगतो, की वा नूरभाई, तुमच्याकडे काय शांत झोप लागते.

कशेळीच्या पुलावर गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली, तिथेच मी ठरवलं. पुढच्या वर्षापासून या घरी राहायचं नाही. खरं कारण मात्र सांगायचं नाही. सांगितलं असतं तर नूरुद्दीनभाईंनी सरळ नाही म्हटलं असतं, मजीदला खोटं पाडलं असतं, शपथा घेतल्या असत्या आणि पुन्हा लूम बंद ठेवले असते. त्यांना मी ओळखत होतो. काहीतरी निमित्त काढायचं आणि दुसरीकडे उतरायचं. निमित्तही मला तिथेच सुचलं. वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि माझे गुडघे अधूनमधून दुखतात. दुखतात म्हणजे, चाळिशी ओलांडलेल्या कोणाचे दुखत नाहीत? या युक्तीवर मी इतका खूश झालो की पुढचा सगळा प्रवास मजेत गेला.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली.

रोह्याला बसून मी रोज पेपर वाचत होतो. त्यातली गल्ल्यांची नावं मला माहीत होती, हे फार वाईट होतं. मी पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी जमिलाभाभींनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. "आम्ही सर्व खैरियत आहोत. दोन लूम जळाले, दोन वाचले. मजीद खाडीच्या बाजूला पळाला म्हणून वाचला. वरच्या मजल्याला काही झालं नाही. तुमची खोली शाबूत आहे. दिवाळीला या."

पार्वतीने कार्ड वाचलं आणि म्हणाली, "यंदा जाणारच आहात का?"

"जाणार. पण वज्रेश्वरीला उतरणार आहे. आधीपासूनच ठरलंय माझं." आणि मी तिला रातपाळीची गोष्ट सांगितली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिच्या जिवाला केवढं हलकं वाटलं ते मला दिसलं. मलाही हलकं वाटलं होतं. ते कशामुळे, हे मात्र मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

माझा हिशेब सरळ होता. चाराचे दोन लूम राहिले. आता तर त्यांची एकही रात्र माझ्यापायी वाया जाता कामा नये. मी पत्र लिहिलं, की गुडघे फार धरलेत, डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक सांगितलाय, म्हणून यंदा मुक्काम वज्रेश्वरीला करतो. येता-जाता तुमच्याकडे नक्की येईन.

गेलो. गल्लीत जळक्या लाकडाचा वास सहा महिन्यांनंतरही होता. घराखालची अर्धी भिंत काळी. जिन्याच्या तोंडाशी नूरुद्दीनभाई बसलेले. ते उठले, मला मिठी मारली, आणि बराच वेळ सोडली नाही. वर गेलो. मी बसलो होतो तिथून माझी खोली दिसत होती. दार उघडं. भिंतींना ताजा चुना मारलेला, खाटेवर नवी कोरी चादर, आणि जुन्या जागी माझे चारही वाघ.

"गुडघे लय दुखतात?" भाभींनी विचारलं.

"फार." मी गुडघा चोळून दाखवला.

"हितं पानी गरम करून दिलं आसतं मी. हंडा भरून."

"त्या पाण्यात गंधक असतं भाभी. त्याचा गुण वेगळा." असं मी चित्रकलेच्या मास्तराने वैद्य होऊन सांगितलं.

नूरुद्दीनभाई माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होते. मग म्हणाले, "न्हाय, बराबर हाय. तब्येत पयली." मी तासाभराने उठलो. संध्याकाळची शेवटची वज्रेश्वरी गाडी धरायची होती. जिना उतरताना खालचे दोन्ही लूम चालू होते, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, चाला बाबांनो, आता रात्रीही चाला. मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरच्या सात दिवाळ्या मी वज्रेश्वरीच्या धर्मशाळेत काढल्या. कुंडात बसून बसून गुडघे खरोखरच बरे झाले, पण ते सांगायची सोय नव्हती. उलट नूरुद्दीनभाईंसमोर दर वर्षी थोडं लंगडावं लागायचं. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, "औंदा राहणार ना?" तिसऱ्या वर्षीही विचारलं. चौथ्या वर्षी विचारलं नाही. आधी मी तासभर बसायचो, मग अर्धा तास, मग चहा पिऊन लगेच. वाघाचं चित्र द्यायचो, ते "शुक्रिया मास्तर" म्हणायचे. "माझा वाघ हाय ना?" हे विचारणं कधी बंद पडलं ते मला नेमकं आठवत नाही. मला वाईट वाटायचं आणि थोडा रागही यायचा. माणूस दुसरीकडे झोपला म्हणून इतकं मनाला लावून घ्यायचं? आणि हे सगळं मी त्यांच्याच भल्यासाठी करतो आहे, हे त्यांना सांगता येत नाही, म्हणजे माझं मन केवढं मोठं! असं मी कुंडातल्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून स्वतःला सांगायचो.

ब्याण्णव साली मी निवृत्त झालो. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी जाणं झालं नाही. पार्वतीचं ऑपरेशन होतं, शिवाय पत्र लिहायचं तर काय लिहायचं, हेही होतं. चौऱ्याण्णवला पुन्हा निघालो. सवयीने पिशवी वज्रेश्वरीच्या धर्मशाळेत टाकली आणि देवखोलला आलो.

खाचरं नव्हती. फाट्यापासून गावापर्यंत लाल मातीचा भराव आणि त्यावर पत्र्याची दोन लांबलचक गोदामं. गाभाऱ्याच्या तीन भिंती बाजूला तेवढ्या उभ्या होत्या. काळूराम भेटला, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"वाघ कुठाय रे?" मी विचारलं.

त्याने भरावाकडे बोट दाखवलं. "आत ग्येला मास्तर. पुतन्यांनी जागा इकली. मी बोललो व्हतो त्यांना, ह्यो मास्तरचा दगड हाय, बाजूला ठेवा. पन मशीन आलं सकालचं, मी व्हतो भिवंडीला." तो खाली बघत राहिला. "तुमाला सांगू कसा, ह्येच कलत न्हवता."

त्या क्षणी मला एकच सुचलं, की हे नूरुद्दीनभाईंना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. मीच जाऊन सांगायला हवं. मी दुपारच्या गाडीने भिवंडीला गेलो.

जिन्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं. जळालेल्या दोन लूमच्या जागी नवे आले होते, खाली चारही धडधडत होते. वर अतियाने दार उघडलं. बावीस वर्षांची झालेली, नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती. तिने मला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. मग सांगितलं, की अब्बा मागच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला गेले. छातीनेच.

मी विचारलं, "मला का नाही कळवलंत?"

"अम्मी बोलली होती कार्ड टाक म्हणून. मीच नको म्हटलं. म्हटलं, त्यांना यायला अवघड वाटेल."

"अवघड? मला?"

ती जमिलाभाभींकडे बघायला लागली. भाभी पांढरा दुपट्टा घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून तिला नको म्हटलं, पण अतिया लहानपणीही कोणाचं ऐकत नव्हती.

"काका, आता अब्बा नाहीत, आता खरं सांगायला काय हरकत आहे? दंगलीनंतर तुम्ही आमच्या घरात झोपायला घाबरलात ना?"

दहा वर्षांत, शपथेवर सांगतो, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. दंगल मे महिन्यात, मी मुक्काम हलवला त्याच दिवाळीत. कोणालाही दुसरं काय वाटणार? ते चुना मारलेल्या भिंतींत बसले होते, आणि मी त्यांना गंधकाचे गुण सांगत होतो.

"अगं, नाही!" मी ओरडलोच. लूमच्या आवाजात ओरडावंच लागत होतं. मी सगळं सांगितलं. मजीद, स्टँड, रातपाळी, कशेळीचा पूल. म्हटलं, "मी दंगलीच्या सहा महिने आधीच ठरवलं होतं. तुमचे लूम माझ्यासाठी बंद राहू नयेत म्हणून! एकही रात्र वाया जाऊ नये म्हणून!"

जमिलाभाभी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"पन भाऊ," त्या म्हणाल्या, "रातपाळी तर बंदच आसायची."

"कधी?"

"दर साली. भाऊबीजंच्या दुसऱ्या दिसापासनं आठ रोज. ते बोलायचे, मास्तरचा काय भरवसा, त्या कुंडावर गर्दी झाली, मन बदललं, तर यील हिकडं. आला आनि खाली खटखट चालू आसली तर झोपंल कसा? मजीदला सांगून ठेवायचे. मी बोलायची, आवो, तो न्हाय येनार. तर म्हनायचे, ठेव गं बंद, आठच तर रोज हायत."

"मी आलोच नाही त्या सालीसुद्धा?" मी विचारलं. "ब्याण्णवला?"

"त्या सालीपन. मंग ते गेले."

आठ दिवाळ्या मी कुंडात बसून ज्या रात्री वाचवल्या म्हणून फुगलो होतो, त्यातल्या एकाही रात्री लूम चालले नव्हते. रिकामी खोली, नवी चादर, आणि खाली बंद लूम. वरच्या मजल्यावर एक माणूस खोकत, जिन्यावर पाऊल वाजतंय का ते ऐकत पडलेला. काय मिळवलं मी? कोणासाठी?

"त्यांनी मला भित्रा म्हटलं असेल," मी म्हटलं.

"म्हनायचे," भाभी म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, ती कला त्या घरात फक्त मी वापरली. "कोनी तुमाला नाव ठेवलं की त्यांना राग यायचा. म्हनायचे, मास्तर डरपोक हाय, वाईट न्हाय. मानूस घाबरतो. आपन न्हाय का घाबरलो?"

त्यांनी मला माफ केलं होतं, तेही मी न केलेल्या गुन्ह्याबद्दल. मी पुन्हा तोंड उघडलं, की मी घाबरलो नव्हतो, हे एकदा नीट सांगावं. आणि बोलता येईना. कारण मला पार्वतीचं "बरं झालं बाई" आठवलं, आणि तेव्हा माझ्याही छातीवरून उतरलेलं ओझं आठवलं. रोह्याला पेपर वाचताना मी त्या गल्लीतल्या एका रात्रीची कल्पना केली होती, आणि कपाळाला घाम आला होता. रातपाळीचं कारण खरंच होतं. पण ते हाताशी तयार होतं, म्हणून भीतीकडे बघायची मला गरजच पडली नाही. नूरुद्दीनभाईंनी ती एका तासात बघितली होती, मी गुडघा चोळत असताना.

"थोडा घाबरलो होतो," मी म्हटलं. "तेही होतं."

भाभींनी डोळे पुसले. "येवढं बोलला आसता त्यांना, तरी चाललं आसतं, भाऊ. रातपाळीचं बोलला आसता तर लय हसले आसते."

वाघ गेल्याचं मी सांगितलं नाही. ज्याला सांगायचं तो नव्हता.

थोड्या वेळाने भाभींनी विचारलं, "आज मुक्काम कुठं?" पिशवी वज्रेश्वरीला होती. मी म्हटलं, "इथे. जागा असेल तर." खोलीत आता सुताची पोती ठेवत होते. अतियाने दोन बाजूला ओढली, खाट झटकली आणि चादर घातली. लूम यंदापासून मजीदने भाड्याने घेतले होते. तो वर आला. दाढी पिकलेली. मला बघून त्याला काय करू नि काय नको असं झालं.

"मास्टरजी रुक रहे हैं? अभी बंद करवाता हूँ."

"नको," मी म्हटलं. "चालू दे."

"नींद नहीं आएगी आपको."

"नको येऊ दे. रात्रभर चालव, मजीद. चारही."

तो भाभींकडे बघायला लागला. भाभी म्हणाल्या, "चलने दे."

दिवेलागणीला मी खोलीत गेलो आणि दार लोटलं. भिंतीवर ऐंशी ते त्र्याऐंशीचे चार वाघ होते. त्यांच्या शेजारी, एकाखाली एक, वज्रेश्वरीहून आणून दिलेले आठही लावलेले होते. एकही कमी नव्हता. खाटेवर बसलो तर खालच्या हादऱ्याने खाट थरथरत होती. इतक्या वर्षांत त्या खोलीत रात्री मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. तो इतका मोठा होता, की मी रडायला लागलो ते शेजारच्या खोलीत कोणाला ऐकू गेलं नाही.